निळा क्रेफिश ठेवायचाय: नळाचं पाणी की बोअरचं?

मुठाकाठ (प्रश्न)
६० × ३० × ३६ सेंमीची टाकी रिकामी आहे. दुकानात 'ब्लू लॉबस्टर' म्हणून विकतात तो एकच क्रेफिश (गोड्या पाण्यातला नांग्यांचा, कोळंबीसारखा प्राणी) ठेवायचा विचार आहे. नळाच्या पाण्याचा टीडीएस ७० येतो, सोसायटीच्या बोअरचा ६२०. दुकानदार सांगतो, आरओचं पाणी घाला आणि मीठ टाका. स्पंज फिल्टर आणि एअर पंप आहे, हीटर नाही. सोबत गप्पी आणि झाडं चालतील का? कात टाकताना मरतात असं बरेच जण लिहितात, ते नेमकं कशामुळे?

नांगीबहाद्दर
आरओ नको. मिठातून सोडियम मिळतं, क्रेफिशला हवं कॅल्शियम.

आणि टीडीएसच्या पेनावर निर्णय घेऊ नका. पाण्यात क्षार किती ते पेन सांगतं, कोणते ते सांगत नाही. सोसायटीने बोअरला सॉफ्टनर बसवला असेल तर कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. टीडीएस ६०० दिसेल आणि जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) शून्य. थेंब टाकून मोजायचं जीएच-केएच किट घ्या आणि सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मोजा. जीएच ८ ते १२, केएच (पीएच घसरू न देणारे कार्बोनेट क्षार) ४ च्या वर, पीएच ७.२ ते ८.२ असं ठेवा. बोअरचं नायट्रेटही एकदा तपासा.

आता कात. कात टाकण्याआधी क्रेफिश जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या बटणांसारखं साठवतो. नवं कवच कडक करायला हा साठा पुरत नाही, बाकीचं पाण्यातून आणि जुनी कात खाऊन येतं. म्हणून टाकलेली कात बाहेर काढू नका. बरेच जण ती मेलेला क्रेफिश समजून फेकतात.

लक्षणं अशी: दोनचार दिवस खाणं बंद, बिळातून बाहेर न येणं, पाठीचं कवच आणि शेपूट यांच्या सांध्यात फट दिसणं. मग तो आडवा पडतो आणि त्या फटीतून मागे सरकत बाहेर येतो. सगळं सुरळीत असेल तर काही मिनिटांचं काम. या वेळी हात घालायचा नाही, अडकलेली नांगी ओढायची नाही. नांगी तुटली तर पुढच्या दोनतीन कातींत परत येते, ओढाताणीत फाटलेले कल्ले मात्र जीव घेतात.

कातीत अडकण्याची कारणं बहुतेक वेळा चार: जीएच कमी, पाण्यात ऑक्सिजन कमी, कुपोषण, किंवा एकदम अर्धी टाकी पाणी बदलणं. मोठ्या बदलाने तयारी नसताना कात सुटायला लागते. आठवड्याला २० टक्के बदला, त्याच जीएचचं आणि त्याच तापमानाचं.

शेवाळकर
आधी प्राणी ओळखा. 'ब्लू लॉबस्टर' या एका नावाखाली फ्लोरिडाचा प्रोकॅम्बारस अलेनी विकतात आणि ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉही. अलेनी साधारण १० सेंमीवर थांबतो, तुमच्या टाकीत एक आरामात राहील. रेडक्लॉ २० सेंमीच्या पुढे जातो, त्याला ही टाकी अपुरी. रेडक्लॉच्या नांग्या लांब आणि गुळगुळीत असतात, मोठ्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला मऊ लाल पट्टा येतो.

दोन्ही एकत्र ठेवू नका, जाळीही वेगळी ठेवा. अमेरिकी जातींच्या अंगावर क्रेफिश प्लेग या रोगाचा बुरशीसारखा जंतू असू शकतो. त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, ऑस्ट्रेलियन मरतात.

तपकिरी संगमरवरी नक्षीचा स्वस्तात मिळाला तर घेऊ नका. तो मार्बल्ड क्रेफिश असेल तर सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं देतात. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये त्याला बंदीच्या यादीत टाकलं. भारतात स्थानिक क्रेफिश नाहीच, त्यामुळे कुठलाही क्रेफिश, जास्त झालेली पिल्लंसुद्धा, नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडायची नाहीत.

गप्पी? रात्री तळाशी विसावतात तेव्हा पकडले जातात. झाडं कापून ठेवतो. जावा फर्न लाकडाला बांधून बघा, नाहीतर वर तरंगणारी वनस्पती टाका.

झाकणवाला
पळून जाणं अजून कोणी लिहिलं नाही! क्रेफिश एअरची नळी, वायर, स्पंज फिल्टरचा पाइप, कशावरूनही चढतो. पाणी काठापासून १० सेंमी खाली ठेवा. म्हणजे ३६ सेंमीच्या टाकीत २६ सेंमी, वाळू वगळून जेमतेम ४० लिटर. झाकणावर वजन ठेवा, नळीसाठीची खाच स्पंजने बुजवा.

लपायला २ इंची पीव्हीसी पाइपचे १५ सेंमीचे दोन तुकडे पुरतात. पाइप चिकटवायचा सोल्युशन नको.

खोलीत डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल लावत असाल तर एअर पंप त्या खोलीत ठेवू नका. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कवचधारी प्राण्यांना फार कमी प्रमाणातही मारतात आणि पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. माशांच्या औषधांच्या बाटलीवर कॉपर वाचलं की ती बाजूला. गीझरचं पाणीही नको.

मुठाकाठ
किट आणलं. नळ: जीएच ३, केएच २. बोअर, सॉफ्टनरच्या आधी: जीएच १७, केएच ११, नायट्रेट १०. आयोडीनचे थेंब घालावे का? मे महिन्यात पाण्याचं तापमान ३१ अंशांपर्यंत जातं.

नांगीबहाद्दर
निम्मं निम्मं मिसळा: जीएच १०, केएच साडेसहा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. फिल्टरमागे शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पिशवी ठेवली तर केएच घसरत नाही. आयोडीन नको, जास्त झालं तर विष. आठवड्यातून एकदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. रोज सालं काढून उकळलेला दोडका किंवा गाजर, नाहीतर एखादी बुडणारी गोळी. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकीत कायम असू द्या. उरलेलं खाणं सकाळी काढा.

अलेनीला २८ च्या आत ठेवा. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोनतीन अंश उतरतात, पण पाणी उडतं. उडालेलं भरताना फक्त नळाचं क्लोरीन काढलेलं पाणी घाला, मिश्रण नाही. क्षार उडत नाहीत, मिश्रण घालत राहिलात तर जीएच चढत जाईल.

आणायची घाई नको. अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) टाकून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टाकी (म्हणजे ते पचवणारे फिल्टरमधले जिवाणू) तयार नाही, त्याला चारसहा आठवडे लागतात. आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि क्रेफिश बादलीत घ्या, नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा. तासा-दोन तासांत पाणी तिप्पट झालं की क्रेफिश टाकीत, बादलीतलं पाणी फेकून द्या.