मदत हवी आहे: टीपीआर शीटवर सगळ्यांचं श्वसन २०, मी मोजलं तर २८. काय लिहू?

पहिलंवर्ष_नर्सिंग

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या एका सरकारी रुग्णालयाच्या फीमेल सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग आहे. प्रश्न चार्टवरच्या एका रकान्याचा आहे, पण त्यात बरंच काही गुंतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टीपीआर शीटवर (पेशंटच्या रोजच्या मोजमापांचा तक्ता) टेम्परेचर, पल्स, बीपी प्रत्येकीचं वेगळं असतं. रेस्पिरेशनच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, मधेच कुठेतरी १८. ताप असलेलीला २०, काल ऑपरेशन झालेलीला २०, उद्या घरी जाणारीलाही २०. वर्गात शिकवलंय की मोठ्या माणसाचं श्वसन मिनिटाला १२ ते २०, पूर्ण मिनिट मोजायचं आणि पेशंटला न सांगता मोजायचं.

मला केस स्टडीला दिलेल्या मावशी पन्नाशीच्या आहेत. आतड्याला छिद्र पडलं म्हणून पोटाचं ऑपरेशन झालंय, बेंबीच्या बऱ्याच वरपर्यंत उभी चीर आहे, डायबेटीस आहे. आज दुसरा दिवस. सकाळी मोजलं तर २८. खात्री करायला थोड्या वेळाने परत मोजलं, तेव्हाही २८. टेम्परेचर ९९.८, पल्स १०४, बीपी ११८/७६, ऑक्सिजन लावलेला नाही आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९६ टक्के. मावशी नीट बोलतायत, फक्त "पोट ओढतंय गं" म्हणतात. ड्युटीवरच्या सिस्टरना सांगितलं. चाळीस पेशंट आणि त्या दोघीच. म्हणाल्या, "सॅच्युरेशन चांगलं आहे ना? मग वीस लिही."

मी तो रकाना अजून भरलेला नाही. जेवायला होस्टेलवर आलेय, तासाभरात परत जायचंय. विद्यार्थिनी म्हणून मी २८ लिहू शकते का? सॅच्युरेशन ९६ असताना २८ची काळजी करायची का? आणि केअर प्लॅनला एक नर्सिंग थिअरी जोडायला सांगितलीय. सगळ्या मुली डोरोथिया ओरेमची थिअरी लिहितात. या मावशींना ती कशी लागू होते ते मला कळत नाहीये.

निवृत्त_परिसेविका

थिअरी नंतर. वॉर्डात गेलीस की आधी मावशींकडे जा, पुन्हा पूर्ण मिनिट मोज. तेवढंच आलं तर इन्चार्ज सिस्टरना आणि तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना लगेच सांग, आणि रेसिडेंट डॉक्टरपर्यंत निरोप पोचलाय याची खात्री कर. तासभर थांबायचीही गरज नाही, इन्स्ट्रक्टरचा नंबर असेल तर आत्ताच फोन कर.

२८ मोजलंस तर २८च लिहायचं. विद्यार्थिनीच्या नोंदीवर स्टाफची किंवा इन्स्ट्रक्टरची सही लागते, म्हणून त्यांना जवळ उभं करून मोजून दाखव. तक्रारीच्या सुरात नको. "मॅडम, मला २८ येतंय, तुम्ही एकदा बघता का?" एवढंच म्हण. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं म्हटल्यावर हातातलं काम ठेवून बघायला न आलेली सिस्टर क्वचितच भेटली. नर्सेस नोट्समध्ये वेळ, आकडा, कोणाला कळवलं आणि त्यांनी काय सांगितलं, हे चारही लिही. आधीचा आकडा बदलायची वेळ आली तर खाडाखोड नको, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ, बाजूला योग्य आकडा आणि सही.

डॉक्टरांना फोनवर सांगताना "पेशंटला बरं नाही वाटत" असं मोघम बोलू नकोस. आमच्या वॉर्डात मी मुलींकडून असं म्हणवून घ्यायचे: "सर, अमुक बेडच्या पेशंटचं श्वसन २८ येतंय. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, डायबेटीस आहे. पल्स १०४, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९६. दुखण्यामुळे असेल असं वाटतंय, पण खात्री नाही. तुम्ही येऊन बघाल का, आणि तोवर शुगर तपासू का?" आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, याच क्रमाने. हल्ली पुस्तकात याला एसबार म्हणतात.

नाईटड्युटी

वरच्या ताईंचं सगळं पटतं, तरी दुसरी बाजू सांगायलाच हवी. चाळीस पेशंटचं पूर्ण मिनिट मोजायचं म्हणजे नुसत्या श्वसनाला चाळीस मिनिटं, आणि त्या वेळात इंजेक्शनं, ड्रेसिंग, ऑपरेशनची तयारी, नवीन अॅडमिशन काहीही थांबत नाही. आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स आहे. प्रत्यक्षात काय असतं ते तू बघतेच आहेस. त्या सिस्टरला निष्काळजी समजू नकोस. रकाना रिकामा दिसला की राउंडला बोलणी बसतात, आणि २० लिहिलं की कोणी विचारत नाही. ही सवय एकट्या बाईची नाही, सगळ्या व्यवस्थेने लावलेली आहे.

माझा मार्ग असा: ऑपरेशननंतरचे, ऑक्सिजनवरचे, तापाचे, ताजे अॅडमिशन आणि मॉर्फिनसारखं औषध चालू असलेले, यांचं पूर्ण मिनिट मोजते म्हणजे मोजतेच. मॉर्फिनने श्वसन मंदावतं, तिथे १० पण धोक्याचं असू शकतं. उरलेल्यांचं श्वास संथ आणि एका लयीत असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट. लय बिघडलेली दिसली की पूर्ण मिनिट. आणि न मोजलेल्याचा आकडा लिहीत नाही, बोलणी खाल्ली तरी.

मोजण्याची पद्धत: मनगटाची नाडी मोजून झाली की बोटं तिथेच ठेवायची आणि त्यांचाच हात त्यांच्या छातीवर आडवा ठेवायचा. पदर असो की चादर, हात वर-खाली होताना दिसतो आणि जाणवतोही. बाईंना वाटतं नाडीच चाललीय. "आता श्वास मोजते" म्हटलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो आणि आकडा बदलतो. बोलत असतील तर थांब, नातेवाइकांनाही मिनिटभर गप्प राहायला सांग.

लीड्सहून

मी मूळची साताऱ्याची, इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे. इथे श्वसनाचा आकडा टाळताच येत नाही, कारण त्यावर गुण आहेत. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची, पेशंट बिघडतोय का ते लवकर ओळखायची गुणपद्धत आणली; गुण जास्त तितका धोका जास्त, २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. श्वसन १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त असेल तर थेट ३. मंदावलं तरी गुण आहेत: ९ ते ११ ला १, आठ किंवा कमी असेल तर ३.

तुझ्या मावशींचं गणित करून बघ. सॅच्युरेशन ९६ ला शून्य, बीपीला शून्य, टेम्परेचर साधारण ३७.७ सेल्सियस म्हणजे शून्य, शुद्धीवर आहेत म्हणून शून्य, पल्स १०४ चा १, श्वसनाचे ३. एकूण ४. आता श्वसन २० लिहून बघ: एकूण १. कोणत्याही एका गोष्टीला ३ गुण पडले की आमच्याकडे डॉक्टरना कळवून निदान दर तासाला निरीक्षण करावं लागतं. एकूण १ असेल तर चार ते सहा तासांनी बघितलं तरी चालतं. म्हणजे चार्टवर २० लिहिलं की मावशींकडे संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही तरी नियमाने चूक ठरत नाही. हा फरक तुमच्या सिस्टरना दाखव, त्यांना नक्की पटेल.

भूलतज्ज्ञ_एमडी

सॅच्युरेशनबद्दल सांगतो, कारण हा गैरसमज डॉक्टरांमध्येही भरपूर आहे. ऑक्सिमीटर रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन चिकटलाय ते सांगतो. तो राखायला शरीराला किती कष्ट पडतायत हे तो सांगत नाही. शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून सॅच्युरेशन धरून ठेवतं, आणि ते जमेनासं झाल्यावर आकडा पडतो. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटमध्ये तर तो आणखी उशिरा पडतो.

मोजताना नुसता वेग बघू नकोस, खोलीही बघ. वरच्या पोटाची चीर असेल तर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. उथळ म्हणून भरभर घेतो, खोकत नाही, फुप्फुसाचा तळचा भाग मिटतो आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. बहुधा इथे हेच असेल. पण डायबेटीस आहे. भरभर आणि खोल, धाप लागल्यासारखा श्वास असेल तर रक्तातलं आम्ल वाढल्याची शंका घ्यायची. त्यात सॅच्युरेशन ९९ असू शकतं आणि पेशंट तरी अत्यवस्थ असतो. शुगर आणि कीटोन (डायबेटीस बिघडला की रक्तात वाढणारी आम्लं) दोन्ही तपासायला हवेत. छिद्र पडलेलं आतडं म्हणजे पोटात जंतुसंसर्ग झालेलाच असतो, त्यामुळे सेप्सिसही (संसर्गाने सगळं शरीर बिघडणं) डोक्यात हवा. पोटरी सुजलीय का, तेही बघ, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. निदान करणं तुझं काम नाही, ते आमचं. पण तू २८ सांगितलं नाहीस तर आम्ही ते करायला येणारच नाही.

गटप्रवर्तक_विदर्भ

मी आशांबरोबर काम करते. आमच्या आशा नवजात बाळाच्या घरी जातात तेव्हा श्वास पूर्ण मिनिट मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांना ४०, या आकड्यांवर बाळाला पुढे पाठवायचं की नाही ते ठरतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने फारसं मोजता न येणाऱ्या दायांसाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची चौकट तयार केली होती. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. त्या बायकांनी मोजून मुलं वाचवली. तू मोजलंस ते बरोबरच केलंस, मागे हटू नकोस.

पाठ्यनिर्देशिका

थिअरीचं मी सांगते, हा माझा रोजचा विषय आहे.

ओरेम चुकीची नाही. माणूस स्वतःची काळजी स्वतः किती घेऊ शकतो आणि कुठे कमी पडतो, तिथे नर्स भर घालते, हा तिचा गाभा. मावशी आज स्वतः कुशीवर वळू शकत नसतील पण खाऊन-पिऊन घेऊ शकत असतील तर 'पार्टली कॉम्पेन्सेटरी' (थोडं पेशंट करते, थोडं नर्स) हा तिचा भाग लागू होईल. पण सगळ्यांना ओरेम लावणं हे सगळ्यांना २० लिहिण्यासारखंच आहे. पेशंट बघून थिअरी निवडायची. तुझ्या केसला मला व्हर्जिनिया हेंडरसन जास्त नैसर्गिक वाटते. तिने माणसाच्या १४ मूलभूत गरजा मांडल्या आणि त्यातली पहिलीच गरज नीट श्वास घेणं. तिथून सुरू कर. मग हालचाल, झोप, स्वच्छता अशा गरजा मावशींना लावत जा, आणि चौदाच्या चौदा ओढूनताणून भरू नकोस. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या तिच्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तो संदर्भ दिलास तर चांगलं.

नर्सिंग डायग्नोसिसमध्ये 'पर्फोरेशन' (छिद्र पडणं) किंवा 'न्यूमोनिया' लिहायचं नाही. ते आजाराचं निदान. आपण त्या आजाराने माणसाचं काय होतंय ते लिहितो, आणि ज्यावर आपण स्वतः काही करू शकतो ते लिहितो.

पहिलंवर्ष_नर्सिंग

सगळ्यांचे खूप आभार. जेवण तसंच ठेवून इन्स्ट्रक्टर मॅडमना फोन केला, त्या वॉर्डात आल्या, त्यांनी मोजलं तर २६. सकाळच्याच सिस्टरनी लगेच रेसिडेंट सरांना फोन लावला. सरांनी शुगर आणि कीटोन तपासले, छाती ऐकली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि एक्स-रे सांगितलाय. शुगर थोडी जास्त, कीटोन नाहीत. श्वास उथळ आहे. चार्टवर सकाळचं २८ आणि दुपारचं २६ दोन्ही माझ्या अक्षरात आहे, खाली मॅडमची सही. आता दर तासाला मोजायचंय, पुढची वेळ चारची. डायग्नोसिस असं लिहिलंय, तपासाल का: "इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न, रिलेटेड टू मोठं ऑपरेशन" (म्हणजे श्वास नीट होत नाही, कारण मोठं ऑपरेशन).

पाठ्यनिर्देशिका

पहिला भाग बरोबर. 'रिलेटेड टू'च्या पुढे ऑपरेशन नको, ते तू बदलू शकत नाहीस. तिथे "वरच्या पोटाच्या जखमेच्या वेदना" लिही, आणि पुढे पुरावा: श्वसन २८, उथळ श्वास, खोकायला टाळणं, "पोट ओढतंय" हे मावशींचे शब्द. कारण वेदना लिहिलंस की तुझी कामं आपोआप सुचतील. पाठीला टेकू देऊन ३० ते ४५ अंशांत बसवणं, खोकताना जखमेवर उशी दाबून धरायला शिकवणं, तासातासाला दीर्घ श्वास, तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन), डॉक्टरांनी परवानगी दिली की पलंगावरून खाली उतरवणं. दीर्घ श्वास आणि उशीसाठी कोणाच्या ऑर्डरची वाट बघायची नसते, ते आपलं स्वतंत्र काम. इंजेक्शन आणि ऑक्सिजन ऑर्डरने, तो रकाना वेगळा ठेव. वेदना शून्य ते दहामध्ये किती ते मावशींनाच विचारून इंजेक्शनच्या आधी आणि अर्ध्या तासाने लिही. व्यायाम इंजेक्शनचा असर आल्यावर घे, दुखत असताना त्या खोल श्वास घेणारच नाहीत. एक्स-रे आला की इथे कळव, त्यात तळाचा भाग मिटलेला दिसला तर दुसरं डायग्नोसिसही घालू.