.४५-७० शार्प्स: सहाव्या बारापासून गोळ्या फाकतात, किटण (नळीत साचणारा जळक्या दारूचा थर) कसं आवरायचं?

माळरान
मुक्काम कोलोरॅडो, डेन्व्हरजवळ. रायफल १८७४ शार्प्सची इटालियन प्रतिकृती, .४५-७० काडतुसाची, नळी ३२ इंची. काडतुसं घरीच भरतो: काळी दारू (जुन्या पद्धतीची, धूर करणारी) दीड एफजी दाण्याची, वर फायबरचा वॅड म्हणजे चकती, त्यावर ५०० ग्रेन (वजनाचं माप) वजनाची विकतची गोळी. गोळीच्या खाचांमध्ये कारखान्यातूनच वंगण म्हणून भरलेलं कडक लाल मेण असतं. पहिले चार-पाच बार २०० मीटरवर छान जवळजवळ बसतात. पुढे गोळ्या उभ्या रेषेत फाकायला लागतात, आणि नवं काडतूस शेवटच्या पाव इंचाला अडतं. साफ करताना गज (चिंधी ढकलायची काठी) तोंडाकडे खरखरतो. किटण कमी व्हावं म्हणून दारू ८-१० ग्रेनने कमी करावी का? शिवाय रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) दोन दिवसांत हिरव्या पडतात, त्याचंही सांगा.

शिसंकथील
दारू अशी कमी करू नका. गोळी तेवढीच आत बसवून दारू घटवली की मध्ये पोकळी राहते, आणि काळ्या दारूला पोकळी अजिबात चालत नाही. नळीला कायमचा फुगवटा येतो, तो दुरुस्त होत नाही. वॅडचा बूड दारूला टेकलेला आणि दारू थोडी दाबलेलीच हवी. सैल दारू उलट जास्त घाण करते.

दोष त्या लाल मेणाचा आहे. काळी दारू जळाली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो, त्यात पोटॅशियम कार्बोनेट भरपूर. हे किटण ओलसर राहिलं तर पुढची गोळी ते पुसून नेते. वाळलं की सिरॅमिकसारखं कडक होतं. तुमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ते लवकर वाळतं. विकतचं कडक मेण धूरविरहित दारूसाठी बनवलेलं असतं. त्यातला पेट्रोलियमचा अंश काळ्या दारूसोबत जळून डांबरासारखा चिकटतो.

गोळ्या उकळत्या पाण्यात टाकून ते मेण काढा. वितळून वर तरंगतं. गोळ्या पूर्ण सुकवा. मग मधमाशांचं मेण आणि बीफ टॅलो (गुरांची चरबी) वजनाने निम्मं-निम्मं घ्या. भांडं थेट आचेवर नको, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवा, नाहीतर गाडीत ठेवलेल्या काडतुसांतून चरबी पाझरून दारूत उतरते आणि बार मऊ पडतो. गोळ्या पसरट ताटलीत उभ्या करून सगळ्यात वरची खाच बुडेल इतकंच मिश्रण ओता, गोठल्यावर एकेक कापून काढा. एकही खाच रिकामी राहता कामा नये.

बरोबर जमलंय का ते नळीचं तोंड सांगतं. पाच-सहा बारांनंतर तोंडावर चरबीची ओलसर चांदणी उमटलेली दिसली पाहिजे. तोंड कोरडं आणि राखाडी असेल तर शेवटच्या ६-८ इंचांत वंगण संपतंय. तुमचा गज नेमका तिथेच खरखरतो. ३२ इंची नळीला जास्त वंगण लागतं, म्हणून जास्त खाचांची गोळी निवडा.

आणखी एक. विकतच्या गोळ्यांत अँटिमनी असेल तर त्या फार कडक. काळ्या दारूच्या दाबाने गोळी फुगून नळी भरली पाहिजे, नाहीतर वायू बाजूने निसटतो. २० भाग शिशाला १ भाग कथील हे मिश्रण घ्या.

रोलिंगब्लॉक
वरचं सगळं बरोबर, पण कोलोरॅडोच्या हवेत नुसतं वंगण पुरणार नाही. फुंकनळी करा. एका रिकाम्या पुंगळीच्या बुडाला भोक पाडून त्यात प्लास्टिकची नळी घट्ट बसवायची. बार झाला की तोंड निशाणाकडेच ठेवून ब्रीच (नळीची मागची बाजू) उघडा, पुंगळी काढा, फुंकनळी चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बसवून सावकाश, खोल श्वास सोडा. दमट हवेत तीन पुरतात, तुमच्याकडे सहा-सात तरी. जोरात फुंकण्याचा उपयोग नाही. ओल श्वासाच्या वाफेची हवी. दर बाराला श्वास तितकेच. एकदा तीन आणि एकदा आठ केले तर उभी रेष तशीच राहील.

न्यू मेक्सिकोत रेटनला काळ्या दारूच्या सिल्हुएट (प्राण्यांच्या आकाराच्या निशाणांच्या) स्पर्धा होतात: कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५, मेंढा ५००. तिथे वेळ मोजून मिळतो म्हणून फुंकनळी सोयीची. निवांत नेमबाजीत पुसणं जास्त खात्रीचं: एक ओलसर चिंधी ब्रीचकडून तोंडाकडे, मागोमाग एक कोरडी.

काडतूस अडतं ते चेंबरच्या पुढच्या भागात किटण साचल्यामुळे. ब्रीचब्लॉकने (ब्रीच बंद करणाऱ्या ठोकळ्याने) रेटून आत घालू नका. ती जागा पुसा आणि चेंबर मात्र कोरडं करा. ओल्या चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा मार ब्रीचब्लॉकवर येतो.

पितळवाला
पुंगळ्या हिरव्या पडतात म्हणजे त्या कोरड्या घरी येतायत. झाकणाच्या बरणीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घेऊन रेंजवर जा, पुंगळी निघाली की लगेच त्यात. सडक्या अंड्यांसारखा वास येईल, तो किटणातल्या गंधकाचा. घरी प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) काढून आतून ब्रश फिरवा, प्रायमरचा खळगा विसरू नका. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, दहा मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुणं. जास्त वेळ ठेवलं तर जस्त विरघळून पितळ गुलाबी दिसायला लागतं. चिंचेनेही उजळतात, फक्त मीठ घालू नका.

अमोनिया असलेलं पॉलिश कटाक्षाने टाळा. ब्रिटिश फौजेची काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेतला ताण मिळून ते होतं, हे १९२१ साली उलगडलं. तुमच्या पुंगळीच्या गळ्यातही तसाच ताण असतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं भरणं गुन्हा आहे.

माळरान
गोळ्या उद्याच उकळतो. चिंधी ओली करायला नुसतं पाणी की बॅलिस्टॉल (बंदूक साफ करायचं तेल)?

रोलिंगब्लॉक
बॅलिस्टॉल १ भाग, पाणी ७ भाग. दुधासारखं पांढरं होतं. चिंधी पिळून घ्या, थेंब गळता कामा नये. घरी आल्यावर नळी आधी साध्या पाण्याने, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग कोरडी करून निव्वळ बॅलिस्टॉलचा हात. शार्प्सची लिव्हरची पिन काढली की ब्रीचब्लॉक खाली उतरतो. तो दर वेळी उतरवा, फायरिंग पिनभोवतीचं किटण काढा. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवा. तांबूस आली तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात करा.