मदत हवी आहे: ८ स्टेशनांच्या फायबर रिंगमध्ये एडीएम (अॅड-ड्रॉप मल्टिप्लेक्सर, म्हणजे स्टेशनावर सिग्नल चढवणारं-उतरवणारं यंत्र) समान वाटायचे आहेत

मराठवाड्याचे ८ जिल्हे (प्रत्येकी एक स्टेशन) एका एकदिशी रिंगवर, प्रत्येक जोडीत एक एसटीएम-४ सर्किट, प्रत्येक तरंगलांबीवर एसटीएम-१६ (एसटीएम-४ च्या चौपट क्षमता). म्हणजे एका तरंगलांबीत ४ सर्किटं. स्टेशन म्हणजे शिरोबिंदू आणि जोडी म्हणजे कड धरली, तर पूर्ण आलेखाच्या (प्रत्येक जोडीत कड असलेल्या) २८ कडा ४-४ च्या गटांत वाटायच्या; एक गट म्हणजे एक तरंगलांबी. गटात जितके शिरोबिंदू तितके एडीएम.

ग्रूमिंग (अनेक सर्किटं एका तरंगलांबीत बसवणं) नसेल तर ५६ एडीएम. ३ शिरोबिंदूंत ३ च कडा मावतात, ४ कडांना किमान ४ लागतात, म्हणून २८ च्या खाली जाता येत नाही. नुसती चौकोनी चक्रं घेऊन भागत नाही, कारण प्रत्येक स्टेशनाच्या कडा ७, विषम.

२८ मिळतात ते असे: संभाजीनगर वेगळं ठेवा, बाकी सातांना ० ते ६ क्रमांक द्या. प्रत्येक i साठी एक गट: i, i+1, i+3 (मॉड्युलो ७, म्हणजे ६ नंतर पुन्हा ०) हा त्रिकोण, शिवाय संभाजीनगर–i ही शेपटी. ७ तरंगलांब्यांत काम होतं.

अडचण वाटपाची. संभाजीनगरला ७ एडीएम, इतरांना ३-३. ट्रॅफिक तिकडेच झुकलेलं असतं तर चाललं असतं, पण इथे ते समान आहे. एकाच ठिकाणी रॅक आणि ४८ व्होल्टचा भार कशाला?

एकूण २८ आणि ७ तरंगलांब्या तशाच ठेवून कुठल्याही स्टेशनावर ४ पेक्षा जास्त एडीएम येणार नाहीत अशी विभागणी कुणाकडे आहे का? गट लिहून द्या. होत नसेल तर का होत नाही, तेही चालेल.