स्ले द स्पायर: नवशिक्याला 'डेक बारीक ठेव' हा सल्ला देणं थांबवायला हवं

तिसरी_फेरी (धागाकर्ता)

स्ले द स्पायर हा कार्डांच्या डेकने (गठ्ठ्याने) लढत मजले चढायचा व्हिडिओ गेम नव्याने सुरू करणाऱ्याला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: डेक बारीक ठेव, कार्डं नाकार, दुकान दिसलं की स्ट्राइक (सुरुवातीचं साधं अटॅक कार्ड) काढून टाक. माझं मत असं की पहिल्या ॲक्टमध्ये (खेळाच्या पहिल्या टप्प्यात) नवशिक्या हरतो तो बहुतेक वेळा या सल्ल्यामुळेच. आकडे मांडतो.

आयर्नक्लॅड या पात्राकडे सुरुवातीला ८० एचपी (जीव) आणि १० कार्डं असतात: ५ स्ट्राइक, ४ डिफेंड, १ बॅश. प्रत्येक फेरीला ३ एनर्जी आणि ५ कार्डं. म्हणजे दोन फेऱ्यांत सगळा डेक हातातून जातो आणि खर्चायला ६ एनर्जी मिळतात. बॅश (२ एनर्जी, ८ डॅमेज) आणि चार स्ट्राइक (प्रत्येकी ६) धरले तर ३२. बॅशने शत्रूवर येणाऱ्या व्हल्नरेबलमुळे (त्याला दीडपट मार बसतो) काही स्ट्राइक ६ ऐवजी ९ चे होतात, पण फार तर चाळिशीच्या थोडं पुढे जाल.

आता समोर ग्रेमलिन नॉब हा एलिट (बॉसच्या खालोखाल कठीण शत्रू) उभा करा. त्याचे एचपी ८२ ते ८६. पहिल्या फेरीत तो नुसता डरकाळी फोडतो, मग दर फेरीला साधारण १४ चा घाव. तुम्ही एक स्किल (डिफेंडसारखं कार्ड) खेळलं की त्याची स्ट्रेंग्थ (प्रत्येक घावाची ताकद) २ ने वाढते, म्हणजे चारही डिफेंड हातात नुसती अडगळ. मूळ डेकने त्याला पाडायला चार-पाच फेऱ्या लागतात, तोवर निम्मे एचपी गेलेले असतात. हाच डेक, पण आधीच्या लढायांतून कार्नेज (२ एनर्जी, २० डॅमेज), पॉमेल स्ट्राइक (९ डॅमेज आणि एक कार्ड) आणि अपरकट (१३ डॅमेज, शत्रूचा मार कमी करणारं वीक आणि व्हल्नरेबल) घेतलेली असतील, तर नॉब तिसऱ्या फेरीत पडू शकतो.

सहाव्या मजल्याच्या आधी एलिट येत नाही, आणि पहिल्या ॲक्टमधल्या पहिल्या तीन लढाया सोप्या शत्रूंच्याच असतात. ही सवलत डॅमेज गोळा करण्यासाठीच आहे. पहिल्या एलिटपर्यंत निदान तीन चांगले अटॅक घ्या. डेक किती मोठा झाला ते नंतर बघता येईल.

कोरा_डेक

असहमत. नॉबचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नवशिक्यासाठी घातक आहे. 'निदान तीन' हे त्याच्या लक्षातच राहत नाही, 'घ्या' एवढंच राहतं. दुसऱ्या ॲक्टच्या मध्यावर त्याच्याकडे ३० कार्डं असतात: थोडी स्ट्रेंग्थची, थोडी एक्झॉस्टची (कार्डं लढाईतून बाद करणारी), दोन परफेक्टेड स्ट्राइक, एक डेमन फॉर्म, आणि यांतलं एकही दुसऱ्याला मदत करत नाही.

फेरीला ५ कार्डं येतात. १० कार्डांच्या डेकमध्ये तुमचं सर्वांत चांगलं कार्ड दर दोन फेऱ्यांनी येतं, २० मध्ये चारांनी, ३० मध्ये सहांनी. चार फेऱ्यांच्या लढाईत ३० पैकी २० कार्डंच दिसतात, म्हणजे तीनपैकी एका लढाईत ते कार्ड हातात येतच नाही. शिवाय अपग्रेडचं काय? शेकोट्या (विश्रांती किंवा अपग्रेडची ठिकाणं) मोजक्याच, त्यातल्या काही विश्रांतीत जातात. १५ कार्डांत ५ अपग्रेड केलेली असणं आणि ३० कार्डांत ५ असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रत्येक बक्षिसात तीन कार्डांखाली 'स्किप' असतं. नवशिक्याला ते बटण दिसतच नाही. नाकारायची सवय आधी लागली पाहिजे. काय घ्यायचं ते शिकायला वेळ लागतोच.

सायलेंटवाली

दोघेही कार्डं मोजताय. मोजायचं आहे ते नकाशावर पुढे काय आहे ते. बॉस कोण हे नकाशाच्या टोकाला पहिल्याच मिनिटाला दिसतं, आणि पहिल्या ॲक्टचे तिन्ही संभाव्य बॉस वेगवेगळं मागतात.

स्लाइम बॉस: १४० एचपी. निम्म्यावर आला की फुटतो, आणि फुटताना जेवढे एचपी उरलेत तेवढे प्रत्येक तुकड्याला मिळतात. म्हणून त्याला ७० च्या जरा वर आणून थांबायचं आणि मग एका फेरीत हातातलं सगळं मारायचं. ७२ वरून ४० वर नेलंत तर दोन तुकडे ४०-४० चे. ६९ वर फोडलंत तर ६९-६९ चे. इथे एक मोठं कार्ड पाच लहान कार्डांपेक्षा मोलाचं.

गार्डियन: ३० डॅमेज खाल्लं की बचावात जातो, आणि त्या काळात तुमच्या प्रत्येक अटॅक कार्डामागे तुम्हाला ३ डॅमेज. लहान-लहान अटॅकांचा डेक स्वतःलाच सोलून घेतो. तेव्हा डिफेंड खेळा.

हेक्साघोस्ट: त्याचा पहिला मोठा मारा तुमच्या एचपीवर ठरतो. एचपीला १२ ने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा, आणि असे सहा घाव. ८० एचपी असतील तर ७ चे सहा, म्हणजे ४२. ४० असतील तर ४ चे सहा, २४. त्यामुळे त्याच्या आधीच्या शेकोटीवर झोपून मिळवलेल्या एचपीचा बराच भाग या एका माऱ्यातच जातो. कार्ड अपग्रेड करणं बहुधा जास्त फायद्याचं.

आणि सायलेंट या दुसऱ्या पात्राबद्दल, कारण सगळे आयर्नक्लॅडवरच बोलताहेत: तिच्याकडे ७० एचपी आणि १२ कार्डं, पहिल्या फेरीला दोन जास्तीची. तिचं सुरुवातीचं डॅमेज आणखी तोकडं. नवी मंडळी लगेच विषाकडे धावतात, पण डेडली पॉयझन हे स्किल आहे, म्हणजे नॉबसमोर खेळलं की त्याची स्ट्रेंग्थ वाढली. पॉयझन्ड स्टॅब अटॅक आहे, ते चालतं. डॅगर थ्रो आणि डॅश पहिल्या ॲक्टमध्ये दिसले तर मी सहसा सोडत नाही.

तिसरी_फेरी

@सायलेंटवाली, बॉसचा मुद्दा पूर्ण मान्य.

@कोरा_डेक, बारीक डेकची एक बाजू तुम्ही सांगत नाही: कचरा कार्डं. तीन सेंट्रींची एलिट लढाई घ्या. पहिल्या फेरीत कडेच्या दोघी प्रत्येकी २ डेझ्ड (खेळता न येणारी कार्डं) तुमच्या डेकमध्ये टाकतात, दुसऱ्या फेरीत मधली २ टाकते. १० कार्डांचा डेक नेमका तेव्हाच संपून पुन्हा पिसला जातो: १६ कार्डं, त्यांतली ६ निरुपयोगी. पाचच्या हातात सरासरी दोन मेलेली. २० कार्डांच्या डेकला हीच ६ कार्डं चौथ्या फेरीनंतर भेटतात, तोवर एखादी सेंट्री गेलेली असते. (कडेची आधी मारायची. मधली मारली तर उरलेल्या दोघी एकाच फेरीत बीम (थेट मार) सोडतात. कडेची मारली की एक बीम, एक डेझ्ड, असा आलटून-पालटून भार येतो.)

कोरा_डेक

सेंट्रींपुरतं खरं आहे. पण बघा, त्यांच्यावरचा उपाय 'कार्डं वाढवा' हा नाही, 'लवकर मारा' हा आहे. वीस कार्डांचा डेक सामान्य कार्डांनी भरलेला असेल तर चौथ्या फेरीपर्यंत एकही सेंट्री पडलेली नसते.

दुकानाबद्दलही बोलतो, कारण धाग्यात स्ट्राइक काढण्याची हेटाळणी झाली. कार्ड काढायला पहिल्यांदा ७५ सोनं, मग दर वेळी २५ जास्त. सामान्य रेलिक (शेवटपर्यंत सोबत राहणारी वस्तू) साधारण १५० ला. दीडशे सोन्यात बेताचं रेलिक घेण्यापेक्षा एक स्ट्राइक काढून उरलेल्या ७५ मध्ये एक नेमकं कार्ड किंवा पन्नासच्या आसपासचं पोशन (एकदाच वापरायचं औषध) घेणं मला कधीही पटतं. क्रम लक्षात ठेवा: आधी शाप (नुकसानीची कार्डं), मग स्ट्राइक, डिफेंड सगळ्यात शेवटी. स्ट्राइकची जागा घेणारे अटॅक पटापट मिळतात, ब्लॉकची (मार अडवणारी) चांगली कार्डं तितकी सहज मिळत नाहीत.

पानपिसारा

पहिल्या ॲक्टपुरता धागाकर्त्याच्या बाजूने, पुढे नाही.

पहिल्या ॲक्टमध्ये डॅमेजची पानं घेऊन जिंकलेला माणूस दुसऱ्यातही तेच घेत राहतो आणि तिथे मरतो. तिथली गणितं वेगळी आहेत. एका वेळी तीन-तीन शत्रू येतात, तीन बर्ड्स असतील तर बरेच घाव अनेक तुकड्यांत येतात, आणि एकाच लक्ष्यावर २० मारणारं पान अपुरं पडतं. दुसऱ्या ॲक्टमध्ये पाऊल टाकताना मी तीन गोष्टी तपासायला सांगीन. सगळ्या शत्रूंना एकदम मारणारं निदान एक पान: क्लीव्ह, व्हर्लविंड, नशीब असेल तर इमोलेट. डिफेंडपेक्षा बरी ब्लॉकची दोन पानं: श्रग इट ऑफ (८ ब्लॉक आणि एक पान), फ्लेम बॅरियर (१२ ब्लॉक). आणि लढाई लांबली तर वाढत जाणारं काहीतरी, कारण दुसऱ्या ॲक्टचा चॅम्प ४२० एचपींचा आहे आणि निम्म्यावर आल्यावर तो चवताळतो.

वाढत जाणारं म्हणजे लगेच डेमन फॉर्म नव्हे. ते ३ एनर्जीचं आहे. ज्या फेरीत ते खेळाल त्या फेरीत ब्लॉक शून्य, आणि फायदा पुढच्या फेरीपासून. दुसऱ्या ॲक्टमध्ये एका फेरीत २५-३० डॅमेज सहज येतं, ते पूर्ण अंगावर घ्यायची तयारी हवी. इन्फ्लेम एका एनर्जीत लगेच २ स्ट्रेंग्थ देतं. दिसायला साधं आहे, नव्या माणसाला वाचवतं तेच.

आणखी एक, एनर्जीचा तोल. ३ एनर्जीत २ किमतीची दोन पानं एकत्र बसत नाहीत. कार्नेज, अपरकट, परफेक्टेड स्ट्राइक एकाच हातात आली तर त्यांतलं एकच खेळता येतं, आणि कार्नेज न खेळता फेरी संपली तर ते त्या लढाईतून बाद होतं. एकेक पान चांगलं असूनही डेक अडतो तो इथे.

रिकामा_खिसा

बलाट्रो हा दुसरा पत्त्यांचा गेम खेळून इकडे येणाऱ्यांसाठी थोडं. तिथे दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज मिळतं, कमाल ५, म्हणून २५ डॉलर राखून ठेवणं शहाणपणाचं. स्ले द स्पायरमध्ये सोन्यावर व्याज नाही. नकाशात दुकान कुठे आहे ते बघा, दोनशेच्या आसपास सोनं घेऊन तिथे पोचा आणि खर्च करा. पोशनचंही तसंच. तीनच जागा, त्या भरल्या की पुढचं पोशन घ्यायला हातातलं टाकावं लागतं. एलिटसमोर पोशन वापरायला हात आखडू नका. त्याच लढाईतून रेलिक मिळतं, ते पुढे शेवटपर्यंत साथ देतं.

सायलेंटवाली

एचपीबद्दलही हेच. बॉस पडला की पुढच्या ॲक्टच्या सुरुवातीला एचपी पूर्ण भरतात (असेन्शन ५ या वाढीव कठीण पातळीपासून, गेलेल्यांपैकी ७५ टक्केच). म्हणजे बॉस मारून ६० एचपी उरले काय नि ५ उरले काय, साध्या पातळीवर सारखंच. शेकोटीवर विश्रांतीने कमाल एचपीच्या ३० टक्के मिळतात, आयर्नक्लॅडला २४. पुढच्या लढाईत मरण्याची खरी भीती नसेल तर अपग्रेड करा. आयर्नक्लॅडचा पहिला अपग्रेड बहुधा बॅशचा: ८ चे १० आणि व्हल्नरेबल २ ऐवजी ३ फेऱ्या.

वाट निवडताना मी नव्यांना एक-दोन एलिट सांगते, तीन नाही. पहिल्या एलिटच्या अगोदर शेकोटी हवी, आणि त्यानंतर वाट फुटायला हवी, म्हणजे लढाई महाग पडली तर दुसरा एलिट टाळता येतो.

नवा_पाहुणा

एक थेट प्रश्न. आयर्नक्लॅड, पहिली लढाई संपली, समोर अँगर, श्रग इट ऑफ, परफेक्टेड स्ट्राइक. काय घ्यायचं?

तिसरी_फेरी

परफेक्टेड स्ट्राइक. नावात स्ट्राइक असलेल्या प्रत्येक कार्डामागे २ डॅमेज, स्वतःला धरून. आत्ता तुमच्याकडे अशी सहा होतील: ६ अधिक १२, म्हणजे २ एनर्जीत १८. पहिल्याच मजल्यावर याहून जोरदार सामान्य कार्ड मिळणार नाही.

कोरा_डेक

श्रग इट ऑफ. एक कार्ड ओढतं, त्यामुळे डेकमध्ये जागा अडवत नाही, आणि तिसऱ्या ॲक्टपर्यंत उपयोगी राहतं. परफेक्टेड स्ट्राइक घेतलंत की स्ट्राइक काढायला हात धजत नाही, आणि तेच काढायचे असतात. १८ डॅमेज दुसऱ्या ॲक्टमध्ये सामान्य वाटायला लागतं.

तिसरी_फेरी

दुसऱ्या ॲक्टपर्यंत पोचल्यावरचा प्रश्न आहे तो. आणि श्रग इट ऑफ स्किल आहे, नॉबसमोर तेही हातात पडून राहणार.

सायलेंटवाली

@नवा_पाहुणा, नकाशाचं चित्र टाका. सहाव्या-सातव्या मजल्यावर एलिट असेल आणि तिथवर दोन-तीनच लढाया असतील, तर परफेक्टेड स्ट्राइक. एलिट नवव्या मजल्याच्या खजिन्याच्या पेटीनंतर येत असेल तर श्रग इट ऑफ; अटॅक घ्यायला अजून चार-पाच बक्षिसं आहेत. अँगर फुकट खेळता येतं, ६ डॅमेज देतं आणि दर वेळी आपली एक नक्कल टाकून ठेवतं, नॉबसाठी उत्तम. पण वर गार्डियन असेल तर जपून, बचावाच्या फेऱ्यांत प्रत्येक अँगरमागे तुमचेच ३ एचपी जातात.

नवा_पाहुणा

वर गार्डियन आहे. पहिला एलिट सहाव्यावर, त्याच्या आधी एकूण चार लढाया, शेकोटी नाही. पण तिसऱ्या मजल्यावरून एक वाट डावीकडे दुकानाकडे जाते, तिकडे एलिट अकराव्यावर.

सायलेंटवाली

मग आज परफेक्टेड स्ट्राइक घ्या आणि तिसऱ्या मजल्यावर ठरवा. तोवर आणखी एक चांगला अटॅक मिळाला आणि एचपी ६५ च्या वर असतील तर सरळ. नाहीतर डावीकडे, आणि दुकानात पोशन.

कोरा_डेक

डावीकडेच जा. दुकानात पोशन नको, स्ट्राइकही काढू नका आता, परफेक्टेड स्ट्राइक घेतलंय ना. डिफेंडपेक्षा चांगलं ब्लॉकचं एक कार्ड शोधा. सामान्य कार्ड ४५ ते ५५ सोन्यात मिळतं.