जुन्या मशीनगनच्या लिंकवरील रंग आणि अक्षरे कशी ओळखावीत?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून मला काडतुसे पट्ट्यात जोडणाऱ्या मूठभर पोलादी लिंक मिळाल्या. प्रत्येक लिंकला एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन बंद कड्या आहेत. पृष्ठभागावर काळपट करडा थर असून काहींवर लाल रंगाचे पुसट पट्टे दिसतात. आत इंग्रजी अक्षरेही उमटवलेली आहेत. कड्यांचा आतील व्यास साधारण ११ ते १२ मिलिमीटर भरतो. लाल रंगावरून त्या ट्रेसर (उडताना गोळीचा मार्ग उजेडाने दाखवणाऱ्या) काडतुसांच्या होत्या असे समजावे काय?

उत्तर (नेरूळ)
तसे समजू नये. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी काडतुसांत रंग गोळीच्या टोकाला असे : चिलखतभेदी गोळीला काळा, आगलावीला निळा, तर ट्रेसरला बहुधा लाल. ब्रिटिश .३०३ (इंची मापाच्या) काडतुसात तो बुडाशी, कॅपभोवतीच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीभोवतीच्या) वर्तुळात भरलेला असे. तेथे साध्या गोळीला जांभळा, चिलखतभेदीला हिरवा, ट्रेसरला लाल आणि आगलावीला निळा. लिंक मात्र केवळ पुंगळीला (दारू भरलेल्या धातूच्या नळीला) पकडते, त्यामुळे तिच्यावरील लाल पट्टा नंतर कोणीतरी लावलेल्या रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचाही असू शकतो. करडा थर गंज रोखणाऱ्या फॉस्फेटचा असावा. तारेच्या ब्रशने तो कृपया खरवडू नका, रॉकेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने मळ काढला तरी अक्षरे वाचता येतील.

उत्तर (ऐरोली)
रंगापेक्षा घडण अधिक बोलते. .५० ब्राउनिंग या जड मशीनगनच्या काडतुसाची पुंगळी बुडाशी २० मिलिमीटरहून जाड असते, म्हणून तो पर्याय सरळ बाद होतो. .३०-०६ (अमेरिकी) आणि ७.६२ नाटो या दोन्ही काडतुसांची पुंगळी बुडाशी जवळपास १२ मिलिमीटरच असल्याने केवळ मापाने त्यांचा निवाडा होत नाही. पण नाटो काडतुसाच्या एम-१३ लिंकच्या कड्या उघड्या असतात. तुमच्या बंद कड्यांत काडतूस बिजागरीच्या खिळीसारखे बसते, त्यामुळे त्या ब्राउनिंग मशीनगनच्या अमेरिकी एम-१ किंवा ब्रिटिश .३०३ लिंक असाव्यात, असे माझे मत आहे. त्यांवर रुंद बाणाची खूण आढळली, तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची असते. उल्हासनगर महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागेवर वसले असले, तरी भंगार कोठूनही येते, तेव्हा स्थळावरून निष्कर्ष काढू नका. अक्षरांची तिरप्या उजेडात घेतलेली छायाचित्रे टाका. त्या ढिगात एखादे काडतूस आढळल्यास त्याला हात न लावता पोलिसांना कळवा, कारण परवान्याविना ते बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.