जबाबातला ‘म्हणे’ गाळून खुन्याचं नाव घेऊ नये: हिंटरकायफेक, १९२२

शाईचा डाग

प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. म्युनिकच्या उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर, इंगोलश्टाट आणि श्रोबेनहाउझेन यांच्या मध्ये, हिंटरकायफेक नावाची शेतकऱ्याची एकलकोंडी वस्ती होती. घर, गोठा आणि कोठार एकमेकांना लागून. ३१ मार्च १९२२, शुक्रवारी रात्री तिथल्या सहाही जणांचा कुदळीने खून झाला. म्हातारा आंद्रेआस ग्रूबर, त्याची बायको, विधवा मुलगी व्हिक्टोरिया, तिची सात वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा योझेफ आणि त्याच दुपारी कामाला रुजू झालेली मोलकरीण मारिया बाउमगार्टनर. चौघं कोठारात, दोघं घरात. ४ एप्रिलला शेजारी आत शिरले तेव्हा उघडकीला आलं. मधल्या दिवसांत गुरांना कुणीतरी वैरण घातली होती, धुराड्यातून धूर निघालेला लोकांनी पाहिला होता. घरातली सोन्याची नाणी जागच्या जागी होती. खुनी आजतागायत सापडलेला नाही.

आता जगभरचे हौशी लोक या प्रकरणाचे कागद वाचतात. म्युनिक आणि ऑग्सबुर्गच्या सरकारी दफ्तरखान्यांत जे उरलंय त्यातलं बरंचसं हौशी जर्मन मंडळींनीच उतरवून काढलं आहे. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. माझा आक्षेप आहे तो हेच उतारे भाषांतरयंत्रात घालून, चार ओळी इंग्रजीत वाचून, ‘खुनी सापडला’ म्हणून जाहीर करणाऱ्यांवर. आता मराठीतही तसे व्हिडिओ येऊ लागलेत.

एकच उदाहरण देतो. जर्मनमध्ये ‘त्याने पाहिलं’ याला ‘हाट गेझेएन’. पण अंमलदार दुसऱ्याचं सांगणं नोंदवतो तेव्हा लिहितो ‘हाबे गेझेएन’. क्रियापदाचं रूप तेवढं बदलतं आणि अर्थ होतो ‘पाहिलं, असं हा म्हणतो. मी हमी घेत नाही.’ यासाठी मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘म्हणे’. ‘त्याने पाहिलं’ आणि ‘त्याने पाहिलं म्हणे’ यातला फरक आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो. भाषांतरात हा ‘म्हणे’ सर्रास गळतो. ‘झोल’ या क्रियापदाचं तर त्याहून वाईट होतं. ‘तो तिथे होता म्हणे’ याचं ‘तो तिथे असायला हवा होता’ होऊन बसतं, आणि त्यावर कुणीतरी अर्ध्या तासाचा व्हिडिओ करतो.

या प्रकरणातला सगळ्यात गाजलेला पुरावा बघा. जंगलातून घराकडे आलेली, पण परत न गेलेली बर्फातली पावलं. ती पाहिली ग्रूबरने. त्याने सांगितलं शेजाऱ्यांना. तो मेल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं पोलिसांना. आणि पोलिसांनी लिहिलं ते आपण वाचतोय. एवढ्या ‘म्हणे’ंच्या उतरंडीवर उभं राहून एखाद्या माणसाला सहा खुनांचा धनी ठरवायचं? माझं स्पष्ट मत आहे, मूळ भाषा वाचता येत नसेल त्याने नाव घेऊ नये.

रानवाट

साफ असहमत. आणि जरा रागानेच लिहिते आहे.

त्या सात वर्षांच्या पोरीबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात. शवविच्छेदन त्याच कोठारात झालं. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की ती घाव बसल्यावरही काही तास जिवंत होती. आपलेच केस मुठी-मुठीने उपटत पडली होती. हे मी भाषांतरातूनच वाचलं. मला जर्मन येत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणाला जाब विचारायचा मला हक्क नाही?

भाषा येणाऱ्यांनी काय दिवे लावले तेही बघा. म्युनिकहून आलेल्या पोलिसांना जर्मन येत होतं. ते पोचेपर्यंत गावकरी घरभर फिरून गेले होते, प्रेतं हलवलेली होती. सहाही जणांची मुंडकी कापून म्युनिकला नेली, अंतर्ज्ञान्यांना दाखवली आणि ती पुढे युद्धकाळात गहाळ झाली. माणसं मुंडक्यांशिवाय पुरली गेली! ज्या कुदळीने मारलं ती कुदळ १९२३ मध्ये घर पाडताना माळ्यावर मिळाली. म्हणजे वर्षभर ती तिथेच होती. हे सगळं जर्मन येणाऱ्यांच्या हातून झालं.

खात्याने हे प्रकरण कधीच बासनात बांधलं असतं. ते उघडं ठेवलं ते हौशी लोकांनी. भाषेची अट घालून तुम्ही पुन्हा तीच सोवळ्या-ओवळ्याची रांग लावताय.

इंगोलश्टाटकर

मी गेली नऊ वर्षं इथे नोकरीनिमित्त आहे. ती जागा माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. घर आता नाही, नुसतं शेत आहे. जवळ रस्त्याकडेला या भागात असतो तसा एक छोटा स्मृतिस्तंभ आहे. मृतांची कबर वाइडहोफेनच्या दफनभूमीत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही मोबाईल काढून फोटो घेत होतो. शेजारच्या कबरीला पाणी घालणाऱ्या एका आजींनी विचारलं, “कुणाचे नातेवाईक?” नाही म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. झारी घेऊन नळाकडे गेल्या, भरून आणली, उरलेल्या कबरींना घातली आणि निघून गेल्या. मी फोटो पुसले नाहीत, पण पुन्हा कधी काढलेही नाहीत.

ज्या शेजाऱ्यावर निम्मं इंटरनेट संशय घेतं, त्याची पुढची पिढी याच पट्ट्यात राहते. त्याला खुनी म्हणणाऱ्यांवर त्याने हयातीत बदनामीचे दावे लावले आणि जिंकले होते. त्याचं नाव मीही इथे लिहिणार नाही. २००७ मध्ये फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण नव्या पद्धतीने तपासलं. अमुक माणूस मुख्य संशयित, इथवर त्यांचं एकमत झालं, पण हयात नातेवाइकांचा विचार करून त्यांनी नाव जाहीर केलं नाही. मला ते योग्य वाटतं.

काळा कोट

वकिलीच्या बाजूने भर घालतो. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही हा गैरसमज आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो, जर तो जिवंतपणी तिच्या लौकिकाला बाधक ठरला असता आणि कुटुंबीयांच्या भावना दुखवण्याच्या हेतूने केलेला असेल तर. जर्मन दंडसंहितेतही मृताच्या स्मृतीची विटंबना हा वेगळा गुन्हा आहे, कलम १८९.

पण कायद्यापेक्षा मला धागाकर्त्यांचा ‘म्हणे’ महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे खेड्यातला साक्षीदार सांगतो एका बोलीत आणि जबाबात उतरतं, “मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेतीव्यवसाय करतो…” हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून जन्मात निघालेलं नसतं. उलटतपासणीत आम्ही पहिलं हेच विचारतो, हे शब्द तुझे का? तिथल्या शेतकऱ्यांची बोली बव्हेरियन, कागद लिहिला गेला कचेरीच्या जर्मनमध्ये. म्हणजे यंत्राच्या आधी एक भाषांतर तिथेच होऊन गेलेलं आहे. तेव्हा मूळ जर्मन वाचणाऱ्यानेही फार छाती फुगवू नये. त्याच्या हातातही साक्षीदाराचा आवाज नाही, कारकुनाचाच आहे.

शाईचा डाग

काळा कोट, हे मान्य. माझ्या मुद्द्यात ही भर हवीच होती.

रानवाट, त्या मुलीवरून मी घाईने पुढे गेलो, ते चुकलं. पण तिच्यासाठी न्याय मागायचा तर चुकीच्या माणसाचं नाव घेऊन तो मिळेल का? त्या शेजाऱ्याविरुद्ध लोक काय मांडतात ते पाहू. प्रेतं सापडल्यावर तो एकटाच पुढे घरात शिरला, प्रेतं हलवली, घाबरला नाही. त्याचं म्हणणं होतं की तो छोट्या योझेफला शोधत होता. त्या मुलाचं पितृत्व त्याने कागदोपत्री मान्य केलेलं होतं. आपल्या पोराला शोधणारा बाप उंबऱ्यात उभा राहील, की आत धावेल? हे एवढं वाक्य व्हिडिओवाले गाळतात, आणि उरतो तो एक निर्ढावलेला माणूस.

गोदातीर

तुम्ही दोघेही अर्धं बरोबर बोलताय असं मला वाटतं, म्हणून घरचं उदाहरण देतो.

३० ऑगस्ट १७७३. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून. मारेकरी गारदी कोण ते सगळ्यांना माहीत होतं, रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं तेही. पण ‘धरावे’चं ‘मारावे’ कुणी केलं? ‘ध चा मा’ आपण लहानपणापासून ऐकतो आणि आनंदीबाईंच्या माथी मारून मोकळे होतो. तो कागद कुणी पाहिलाय? आपल्याच भाषेत, आपल्याच लिपीत असलेल्या गोष्टीत एका अक्षरावर बाईला अडीचशे वर्षं फाशी दिली आपण. मूळ भाषा येत असूनही! म्हणजे भाषा आली की शहाणपण येतंच असं नाही.

आणि दुसरी बाजू. तेव्हा इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात होता, तो मुंबईला लिहून कळवत होता. परक्या भाषेतला, परक्या माणसाचा कागद अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण त्याला इथल्या भाऊबंदकीची भीड नसते. स्वार्थ असतो, पण तो वेगळा. हिंटरकायफेकलाही बाहेरच्यांच्या नजरेची गरज आहेच. गावातल्या माणसाला जे विचारायला जड जातं ते बाहेरचा विचारतो.

सेतुमाधवराव पगडी सनदी नोकरीत होते, विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. त्यांनी फारसी साधनं मराठीत आणली. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरातून मराठ्यांचा इतिहास वर काढला. पगडींना कुणी ‘हौशी’ म्हटलं तरी बिघडत नाही. त्यांनी भाषा कष्टाने कमावली होती, एवढंच लक्षात ठेवायचं.

रानवाट

गोदातीर, पगडींचं उदाहरण माझ्या विरोधात जातं हे कळलं मला. पण सगळ्यांनी पगडी व्हायचं ठरवलं तर शंभर वर्षांत कागदांची पहिली पेटीही संपणार नाही. ऑग्सबुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात बरेच कागद आधीच जळालेत.

आणि २००७ च्या त्या निष्कर्षाबद्दल मला बोलायचंच आहे. इंगोलश्टाटकर, तुम्हाला ते योग्य वाटलं, मला ते सगळ्यात अन्यायाचं वाटतं. ‘आम्हाला कळलंय, पण सांगणार नाही.’ म्हणजे झालं काय, की गावातल्या प्रत्येक संशयिताच्या घरावर सावली कायम राहिली. नाव सांगितलं असतं तर लोकांनी ते खोडून तरी काढलं असतं. मनात ठेवलेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं? त्या शेजाऱ्याने दावे जिंकले ते लोक उघड बोलले म्हणूनच ना?

अजून एक. व्हिक्टोरियाचा नवरा कार्ल गाब्रिएल डिसेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या आरासजवळ आघाडीवर मारला गेला, पण प्रेत मिळालं नाही. मग अफवा उठली की तो जिवंत होता, परत आला आणि त्यानेच सगळ्यांना मारलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कैदेतून सुटलेल्यांनी ‘जर्मन बोलणारा रशियन अधिकारी’ वगैरे कथा आणल्या. या अफवेतली हवा गेली ती लोकांनी गाब्रिएलचं नाव उघड घेतलं, म्हणून त्याच्या सोबतच्या सैनिकांचं म्हणणं, लष्करी नोंदी हे सगळं तपासलं गेलं म्हणून. नाव घेतल्याने एक माणूस सुटला, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

इंगोलश्टाटकर

हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. माझं मत बदललेलं नाही, पण पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

फक्त एवढं सांगतो. गाब्रिएल मेलेला होता, त्याला सुटकेचा उपयोग नव्हता. शेजाऱ्याच्या घरातली पोरं मात्र शाळेत जात होती.

शाईचा डाग

रानवाट, गाब्रिएलबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी माझं वाक्य सुधारतो. नाव घ्या, पण ज्या कागदावरून घेताय तो कागद मूळ ओळीसकट समोर ठेवा, म्हणजे दुसऱ्याला खोडता येईल. नुसत्या भाषांतरावरून घेतलेलं नाव खोडताच येत नाही, कारण आपण कशाशी भांडतोय तेच कळत नाही.

आणि भाषा म्हणजे पगडींइतकी यावी असं मला म्हणायचं नव्हतं. मी मोडी शिकलो तेव्हा पहिला महिना एक ओळ लागत नव्हती. जुन्या जर्मन हस्ताक्षराचं, कुरेंटचं, तसंच आहे. त्यातला ‘ए’ म्हणजे दोन उभ्या रेघा, ‘एन’ही जवळजवळ तसाच, आणि ‘यू’ वेगळा कळावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक छोटी कमान काढतात. घाईतल्या कारकुनाने कमान काढली नाही की शब्द गेला. ट्रान्स्क्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी प्रणाली आता बरीच मदत करते, पण अडली की ती बेधडक काहीतरी ठोकून देते. तिथे माणूसच लागतो, आणि दोन माणसं असली तर फार बरं. मी एकटा वाचतो तेव्हा जे अक्षर मला हवंय तेच मला दिसतं, हे माझ्याबाबतीत अनेकदा झालंय.

तुम्हाला त्या मुलीसाठी राग आहे. माझ्यापेक्षा तुम्ही चिकाटीने बसाल असं वाटतं. अक्षरांचा तक्ता पाठवू का?

रानवाट

पाठवा. रविवारी दुपारी मला तीन तास मोकळे असतात.

२००७ च्या गुप्त निष्कर्षाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. त्यावर वेगळा धागा काढते.