आपल्या शाळेची गेलेली माणसं: एक तरी आठवण लिहा

दहावी १९८७, नागपूर

शाळेतलं कुणी गेल्याची बातमी आली की आपण सगळे 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो, हात जोडतो, आणि संध्याकाळपर्यंत दुसरंच काही सुरू होतं. मीही तेच करत आलो. पण २०२१च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत आपले चौघं गेले. दोन शिक्षक, प्रयोगशाळेतले मदतनीस आणि माझ्या बाकावरचा मित्र. घाटावर जाता आलं नाही, तेरवीला कुणाच्या घरी जाऊन बसता आलं नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं, ते अजून टोचतं.

सर, बाई, ऑफिसातले बाबू, शिपाई, रिक्षावाले काका, वर्गातली पोरं. कुणाबद्दलही लिहा. माणूस चांगला होता एवढ्यावर थांबू नका, त्यानं काय केलं ते सांगा. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव टाकू नका. ओळखणारे ओळखतील.

माझी आठवण इतिहासाच्या सरांची. १९५६ साली ते आठवीत होते. १४ ऑक्टोबरला वडिलांचं बोट धरून, आईनं धुऊन दिलेला पांढरा सदरा घालून, आज दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर ते गेले होते. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ती भोपाळला गेली. सरकारी नोकरदारांची बिऱ्हाडं हलली आणि सरांच्या वर्गातली मुलंही गेली. हा धडा आला की सर पुस्तक मिटून ठेवत आणि त्या मुलांची नावं सांगत. कोण कुठं बसायचा, कुणाचं अक्षर चांगलं होतं, कुणाची कंपासपेटी त्यांच्याकडेच राहून गेली. "पेपरात तारखा लिहा, पण हे ध्यानात ठेवा, पोट्टेहो."

सर गेल्यावर घरी भेटायला गेलो. ती कंपासपेटी कपाटात होती. पत्र्याची, झाकण गंजलेलं.

दहावी १९९४

मला शिपाईकाका आठवतात. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असायची. सुटायची तेव्हा अकराच वाजलेले असत, पण डांबर चपलेला चिकटायचं. काका फाटकाशी टोपली घेऊन बसायचे आणि लांब पायी जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक कांदा टाकायचे. "डोक्याले रुमाल बांध. कांदा फेकू नको बाप्पा, घरी जाऊन काढजो." आम्ही वळणावर गेलो की त्या कांद्यांनी क्रिकेट खेळायचो. याचं फार वाईट वाटतं.

कांद्याचे पैसे मोठ्या बाई देत असाव्यात, असं आम्हाला वाटायचं.

दहावी २०२१

मी इथं सगळ्यांत लहान असेन. आमच्या विज्ञानाच्या बाई त्या एप्रिलमध्येच गेल्या. परीक्षा होणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं, पण बाईंचा मोबाइलवरचा तास सकाळी आठला सुरू म्हणजे सुरू. शेवटच्या आठवड्यात त्यांना खोकला होता. त्या आवाज बंद करून खोकायच्या, पुन्हा सुरू करायच्या आणि म्हणायच्या, "हां, कुठं होतो आपण?"

पुढे दहावीची परीक्षा रद्दच झाली. नववीच्या आणि वर्षभराच्या गुणांवर १६ जुलैला निकाल लागला. निकाल घ्यायला गेलो तेव्हा ऑफिसमधून एक गठ्ठा मिळाला. बाईंनी तपासून ठेवलेले आमचे सराव पेपर होते. माझ्या पेपरवर लाल पेननं लिहिलं होतं: 'आकृतीला नावं दे. येतं तुला, घाई करतोस.'

आता मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो पेपर पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवलाय.

दहावी १९८३

चित्रकलेचे सर. माझे बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. गंगाबाई घाटावर सर माझ्या बाजूला दोन तास बसून होते. काही बोलले नाहीत. एवढंच.

दहावी १९८९, सध्या हैदराबाद

ज्याच्याबद्दल लिहितोय तो दहावीपर्यंत पोचलाच नाही. सातवीनंतर वडिलांच्या सुतारकामात गेला. पण त्याआधी तीन वर्षं आमच्या वर्गातल्या निम्म्या पोट्ट्यांचे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल त्यानंच केलेले. दुकानातल्या बैलांसारखी रंगरंगोटी नसायची, पण चाकं अशी की रस्त्यावरच्या खड्ड्यातूनही बैल उलटत नसे. सकाळी महाल भागात मारबतीची मिरवणूक बघायची, "घेऊन जा गे मारबत" ओरडून घसा बसवायचा आणि दुपारनंतर बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायचा. त्याचा स्वतःचा बैल सगळ्यांत साधा असायचा, उरल्यासुरल्या लाकडाचा.

तो २०१६ साली गेला. आम्हाला कळलं २०१९ला. आपली यादी दहावीच्या निकालावरून केलेली, त्यात तो कसा असणार? तीन वर्षं आम्ही त्याच्याशिवाय भेटत होतो आणि तो जिवंत आहे असं धरून चाललो होतो. माझा बैल अजून आहे. एक शिंग मोडलंय.

दहावी १९८७, नागपूर

त्याला यादीत घेतलं. आणखी कुणी मधेच शाळा सोडून गेलेलं आठवत असेल तर कृपा करून सांगा. मी सातवीपासूनची हजेरीपुस्तकं बघायला शाळेत परवानगी मागतो.

दहावी १९९१

सगळे चांगलंच लिहीत आहेत. मला तसं जमत नाहीये, तरी लिहिते. एका सरांनी मला पाढा चुकला म्हणून पूर्ण वर्गासमोर पट्टीनं मारलं होतं. हात तीन दिवस सुजलेला होता. त्यांच्या तेरवीला मी गेले नाही. नंतर कळलं की माझी दोन वर्षांची परीक्षा फी त्यांनीच भरली होती आणि घरी सांगू नका असं बाबूंना बजावलं होतं. मार विसरता येत नाही, फीसुद्धा नाही. दोन्ही इथं लिहून ठेवते.

माजी शिक्षिका

तुझी फी भरलेली मला माहीत होती बेटा. हाताचं माहीत नव्हतं. शेजारच्या वर्गात असून माहीत नव्हतं.

दहावी १९८०

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही झोपेतून उठेपर्यंत खालचं कपाट बुडालं होतं. त्यात आमच्या वर्गाचा फोटो होता. वर्तमानपत्रावर घालून वाळवला. मागची रांग वाचली, खुर्च्यांवर बसलेले सगळे सर आणि बाई पुसले गेले. पीटीच्या सरांचा दुसरा एकही फोटो त्यांच्या घरी नाही. १९८०च्या बॅचचा फोटो कुणाकडे असेल तर कॉपी पाहिजे. मी येऊन घेऊन जाईन, कुठंही असो.

दहावी १९९७

वर शिपाईकाकांबद्दल लिहिलंय, मी त्यांची मुलगी. याच शाळेत शिकले. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

कांद्याचे पैसे मोठ्या बाई देत नव्हत्या. बाबा संध्याकाळी सायकलनं कॉटन मार्केटला जायचे. बाजार उठताना बारीक कांदा स्वस्त मिळायचा, तो पोतं भरून आणायचे. आई खूप ओरडायची, पगार किती आणि तुम्ही करून काय राहिले म्हणून. त्यांचा लहान भाऊ ऊन लागून गेला होता, शाळेतून येताना. हे त्यांनी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हालाही आईकडून कळलं.

तुम्ही त्या कांद्यांनी क्रिकेट खेळायचे, ते बाबांना माहीत होतं. दुपारी वळणावर जाऊन ते धड राहिलेले गोळा करून आणायचे. आमच्या घरी त्याची भाजी व्हायची.

आई अजून आहे. मार्च संपला की ती बारीक कांदे वेगळे काढून ठेवते.